तीन मीटर, एक नवरा

एका घरात दोन सासवा नांदतील, पण दोन शुगर मीटर नांदणार नाहीत. हे ज्ञान मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झालं, तेही ॲरिझोनातल्या चँडलर गावी, लेकीच्या स्वयंपाकघरात, हातात इन्शुलिनची सिरिंज धरून उभी असताना.

२००६चा फेब्रुवारी होता. मी अहिल्या आणि आमचे हे, गुरुनाथ, असे आम्ही दोघं नागपूरहून पहिल्यांदाच लेकीकडे गेलो होतो. हे शाळेत पीटीचे मास्तर होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण खिशातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. फिनिक्सच्या विमानतळावर बॅगा यायला उशीर झाला तेव्हा यांनी ती जोरात वाजवली, आणि बॅगांच्या आधी दोन पोलीस आले. आमची लेक उल्का आणि जावई शंतनूराव यांनी पोलिसांना काय सांगून आम्हाला सोडवलं ते मला अजून कळलेलं नाही. इंग्रजीत सांगितलं आणि हसत हसत सांगितलं, एवढं खरं.

तर यांना मधुमेह आहे, आणि गोळ्यांचे दिवस संपून इन्शुलिन सुरू झालं आहे. ज्या माणसानं नागपूरच्या उन्हात दोन पिढ्यांतली पोरं पळवली, तो माणूस अर्ध्या इंचाची सुई पाहिली की डोळे घट्ट मिटून 'सावधान'मध्ये उभा राहतो. म्हणून इंजेक्शन माझ्याकडे. बोट टोचायचं काम मात्र हे स्वतः करतात, कारण त्या पेनात सुई लपलेली असते, नुसता खट् आवाज येतो. टोचायचं ते डाव्या हाताचं बोट. उजवा हात जेवणाचा, त्याला भोकं पाडायची नाहीत, असा यांचा कायदा.

आमच्या नागपूरच्या डॉक्टरांनी मला सोपं करून सांगितलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी शुगर बघायची. अडीचशेच्या आत असली तर दहा युनिट, अडीचशेच्या वर गेली तर चौदा. नागपुरात चौदाची वेळ क्वचित यायची. पण दोन वर्षांपूर्वी ती आली होती आणि आम्ही दुर्लक्ष केलं होतं, तेव्हा पायाच्या अंगठ्याची साधी जखम चिघळून अंगठा जायचा बाकी राहिला होता. त्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. इन्शुलिन कमी पडलं तर पाय जाईल, जास्त झालं तर माणूस जाईल, आणि दोन्हींच्या मध्ये माझा अंगठा, सिरिंजच्या दांड्यावर.

उल्काच्या घरामागे अंगण आहे आणि अंगणात एक झाड. तिथे त्याला टँजरिन म्हणतात. यांनी पहिल्या दिवशी एक फळ तोडलं, हुंगलं, सालीत नख खुपसलं आणि निकाल दिला, "संत्रंच आहे. पासपोर्ट वेगळा आहे, बाकी आपलंच."

त्या झाडाखाली यांचं आणि नातीचं जमलं. अनिका आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिला संत्रं आवडतं, पण फोडीवरचा एकही पांढरा धागा चालत नाही. "आबा, नो स्ट्रिंग्ज!" असं तिनं बजावलं की हे तासभर बसून एकेक फोड अशी सोलायचे की आतला गर काचेसारखा दिसावा. आईबापांना इतका वेळ कुठला? रोज संध्याकाळी अनिका शाळा आणि पियानो करून आली की आजोबा-नात अंगणात, मांडीवर सालींचा ढीग. स्वतः मात्र एक फोडही तोंडात टाकायचे नाहीत. मी खिडकीतून पाहायचे. हे नुसता वास घ्यायचे आणि डोळे मिटायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं, आणि थोडी दयाही यायची.

आणि मग यांची शुगर चढायला लागली.

गंमत म्हणजे सकाळी, आंघोळीनंतर, एकशे पंचवीस, एकशे तीस. शहाण्या मुलासारखी. आणि संध्याकाळी जेवणाआधी दोनशे ऐंशी! तीनशे पाच! मी चौदा युनिट द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात सगळ्यांनी यांच्याकडे ज्या नजरेनं पाहायला सुरुवात केली, ती तुम्ही समजू शकता.

"बाबा, खरं सांगा, काय खाताय चोरून?" उल्कानं विचारलं.

"काही नाही गं बाप्पा."

"मग मीटर काय खोटं बोलतंय?"

तिनं शोधाशोध केली. आम्ही तिच्यासाठी नागपूरहून संत्राबर्फीचा डबा नेला होता, तो फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात अर्धा रिकामा सापडला. झालं! खटला चालवायचं कारणच उरलं नाही. हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी खाल्ली नाही." शंतनूराव अतिशय गंभीर चेहरा करून म्हणाले, "इट्स ओके बाबा, होतं असं." उल्कानं डबा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. हे दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत, फक्त अनिकाशी आणि झाडाशी बोलले.

माझा यांच्यावर विश्वास होता का? खरं सांगते, अर्धा होता. अडतीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता, पण संत्राबर्फीची गोष्ट वेगळी.

त्या आठवड्यात एके दिवशी जेवणाआधी तीनशे दहा आली. मी चौदा दिले. जेवण झालं आणि नेहमीसारखी आमची शतपावली निघाली. चँडलरला कोपऱ्याकोपऱ्यावर सग्वारो नावाचं निवडुंग उभं असतं. दोन पुरुष उंच, आणि दोन्ही हात वर केलेले. हे त्याच्यासमोर थांबले. मला वाटलं बघतायत. तर यांनी शिट्टी काढली, फुंकली आणि गरजले, "काय रे, हात खाली! विश्राम म्हटलं ना मी!"

मी हसले. मला वाटलं थट्टा चालली आहे. निवडुंगानं हात खाली घेतले नाहीत तेव्हा हे चिडले. "नाव काय तुझं? तुकडी कुठली?" आणि शेजारच्या लहान निवडुंगाकडे वळून म्हणाले, "तू बघ, किती नीट उभा आहे."

आता हसू ओसरलं. मी यांचा दंड धरला तर शर्ट घामानं भिजलेला. ॲरिझोनातल्या थंड, कोरड्या संध्याकाळी! हे तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. मी उल्काच्या नावानं अशी हाक मारली की चार घरांचे दिवे लागले. ती मीटर घेऊन धावत आली, डावं बोट टोचलं, आणि मीटर म्हणतं, एकशे नव्वद.

"आई, शुगर लो नाहीये. वन नाइंटी आहे!"

"मीटरचं ऐकू नकोस, घामाचं ऐक," मी ओरडले. "ज्यूस आण!"

अनिका ग्लास घेऊन पळत आली, अर्धा रस्त्यावर सांडला, अर्धा यांच्या पोटात गेला. थोड्या वेळानं हे माणसात आले आणि आजूबाजूला बघून म्हणाले, "आपण इथे का बसलोय?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाऊन मोरीचं, म्हणजे बाथरूमचं, दार लावलं आणि माझे हात बघत बसले. चौदा युनिट या हातांनी भरले होते.

दुसऱ्या दिवशी शंतनूराव नवं अमेरिकन मीटर घेऊन आले. आमचे जावई चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनियर. केसाच्या हजाराव्या भागाइतकं जाड काय नि पातळ काय, ते मोजणं हेच त्यांचं काम. एवढी माहिती त्यांनी मला लग्नाच्या वेळी दिली होती, तेव्हापासून मी त्यांच्यासमोर पोळी लाटताना जरा दबूनच असते.

"आई, आता टेन्शन नाही," ते म्हणाले. "ओल्ड मीटर ड्रिफ्ट झालं असणार. आपण कंपेअर करू. फक्त प्रॉपर मेथड पाहिजे. प्रत्येक मीटरला एक हात फिक्स. नागपूरचं मीटर डावीकडे, हे उजवीकडे. म्हणजे एका हाताला सारखं टोचायला नको, आणि व्हेरिएबल कमी."

"उजवा जेवणाचा आहे," हे म्हणाले.

बऱ्याच वाटाघाटी झाल्या. शेवटी उजव्या हाताच्या करंगळीवर तडजोड झाली, कारण घास घेताना ती फारशी कामाला लागत नाही. शंतनूरावांनी दोन्ही बोटं स्वतः स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. यांनी शिट्टी फुंकली. खट्, खट्.

डावीकडे दोनशे शहाण्णव. उजवीकडे एकशे चव्वेचाळीस.

एक माणूस, एक रक्त, आणि दोन हातांत दीडशेचा फरक! जणू डावा हात बर्फी खात होता आणि उजवा उपास करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर पाहिलं तर दोन्ही मीटर गुण्यागोविंदानं, एकशे अठ्ठावीस आणि एकशे एकवीस. संध्याकाळी पुन्हा फारकत. शंतनूरावांना तर उत्साहाचं भरतंच आलं. इथली हवा कोरडी आहे म्हणून असेल. दुपारी घर तापतं म्हणून असेल. विमानात मीटरच्या पट्ट्या भाजल्या असतील. त्यांनी दोन्ही मीटरं टॉवेलखाली एकत्र झोपवली, फ्रिजशेजारी ठेवली, पंख्याखाली ठेवली. आमच्या उल्काच्या बाळंतपणात तिचे इतके लाड झाले नव्हते. लॅपटॉपवर रंगीत रेघा काढून मला दाखवल्या. रेघा सुंदर होत्या.

"पण मी देऊ किती?" मी विचारलं.

"आई, ॲव्हरेज घेऊन बारा द्या ना."

"अहो शंतनूराव, एक म्हणतो बस आली, दुसरा म्हणतो नाही आली. म्हणून मी अर्धी बसमध्ये बसू का?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. अमेरिकन डॉक्टरची वेळ सोमवारची मिळाली होती. नागपूरला फोन लावला तर आमचे डॉक्टर कुणाच्या लग्नाला अमरावतीला गेलेले. मी दहाच देत राहिले, आणि रात्री उठून कधी यांचा घाम चाचपायचे, कधी पायाचा अंगठा. हे झोपेत म्हणायचे, "अगं, गुदगुल्या होतात."

शनिवारी संध्याकाळी एकनाथराव आले. दोन घरं पलीकडे त्यांचा मुलगा राहतो, त्याच्याकडे ते पुण्याहून आलेले. फिरताना आमची ओळख झाली होती. त्यांनाही मधुमेह, पण गोळ्यांवरचा. निवडुंगाची हकिकत त्यांच्या कानावर गेली होती, आणि पुण्याचा माणूस अशा वेळी नुसता चौकशीला येत नाही, मत घेऊन येतो. एकनाथराव तर मतासोबत मीटरही घेऊन आले, चामडी पाकिटात.

"आमचं हे मीटर गेली सहा वर्षं अचूक आहे," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही."

"कोण करणार तक्रार?" मी म्हटलं. "तुम्ही एकटेच तर वापरता."

स्वयंपाक तयार होता. भरली वांगी, भाकरी, वरणभात. अनिकाचं संत्रं नुकतंच सोलून झालं होतं. हे अंगणातून आत आले, नळाखाली हात धुतला, पंच्याला पुसला आणि टेबलाशी येऊन बसले. शंतनूरावांनी बोटं स्पिरिटनं पुसली. उजव्या हाताची करंगळी अमेरिकेकडे होती, दुसरं उजवं बोट द्यायला यांनी साफ नकार दिला, जेवायचं होतं ना! तेव्हा पुण्यालाही डावा हात मिळाला. नागपूरला अनामिका, पुण्याला मधलं बोट. शिट्टी झाली. खट्, खट्, खट्.

नागपूर तीनशे बारा. अमेरिका एकशे अडतीस. पुणे दोनशे एकोणनव्वद.

सगळे एकदम बोलले.

"दोन विरुद्ध एक!" एकनाथराव टेबलावर हात आपटून म्हणाले. "निकाल स्पष्ट आहे वहिनी. चौदा द्या. आणि नागपूरचं यंत्र बरोबर निघालं, हे मी पुणेकर असून मान्य करतो आहे, याची नोंद घ्या."

"ॲव्हरेज दोनशे सेहेचाळीस," शंतनूराव म्हणाले. "म्हणजे टेक्निकली लिमिटच्या आत. चार पॉइंटनं!"

"शंतनू, प्लीज! तुझं ॲव्हरेज राहू दे," उल्का म्हणाली. "आई, दोन मीटर तीनशेच्या आसपास दाखवतायत. तो अंगठा आठवतोय ना तुला? माझं ऐक, चौदा दे."

"अगं, आणि ते निवडुंग?"

"तेव्हाही मीटर एकशे नव्वद म्हणत होतं. म्हणजे बाबा लो नव्हतेच कदाचित. प्रवासाचा थकवा असेल."

"हाय इज बॅड ऑर लो इज बॅड?" अनिकानं मध्येच विचारलं. दोन्हीचं उत्तर हो होतं.

"होऊन जाऊ द्या चौदा!" हे शूरासारखे म्हणाले आणि डोळे मिटून, छाती काढून उभे राहिले. पोटावरचा शर्ट वर केला. त्या अवस्थेत सुद्धा पोट आत ओढून धरलं होतं, पाहुण्यांसमोर.

मी सिरिंज घेतली. दहापर्यंत भरली. मग अकरा, बारा. बहुमत काय म्हणतं ते मला कळत होतं. बहुमतात माझी शिकलेली लेक होती, पुण्याचे हिशेबी गृहस्थ होते, आणि स्वतः पेशंट होता. बाजूला मी एकटी, माझ्या बाजूनं एक करंगळी. तेरा, चौदा. इतकी बारीक रेघ, आणि तिच्या अलीकडे माझा नवरा आहे की पलीकडे, ते मला दिसत नव्हतं. मी सिरिंज दिव्याकडे धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. मी कधी घाबरत नाही, निदान दाखवत नाही, पण त्या वेळी सगळ्यांना दिसलं असणार.

सुई लागली नाही म्हणून यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. सुईकडे बघितलं. ज्या सुईला आजवर कधी पाहिलं नव्हतं, तिच्याकडे पूर्ण डोळे उघडून बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मग शर्ट सोडून दिला, आणि आपला डावा हात पुढे करून माझा मोकळा हात धरला.

सगळ्यांसमोर! आमच्या लग्नाच्या फोटोत सुद्धा हे माझ्यापासून हातभर लांब, 'सावधान'मध्ये उभे आहेत. अडतीस वर्षांत चारचौघांत यांनी माझा हात धरलेला नाही. रस्ता ओलांडतानाही नाही. तेव्हा सुद्धा शिट्टीच.

"घाबरू नकोस," हे म्हणाले. "दहा दे नाहीतर चौदा दे. तुझ्या हातून माझं वाईट व्हायचं नाही."

माझे डोळे भरून आले. समोर पुणेकर उभे, जावई उभे, आणि मला पदरानं डोळे पुसायचे होते. एका हातात सुई, म्हणून यांच्या हातातला हात सोडवायला गेले. तर हात सुटेना.

हे सोडत नव्हते असं नाही. यांनी बोटं उघडली होती. माझी बोटंच यांच्या बोटांना चिकटून बसली होती. जरा ओढलं तर चर्र करून सुटली. मी पुन्हा लावली, पुन्हा ओढली. चर्र. हात नाकाशी नेला.

संत्रं!

"अहो," मी म्हटलं, "हात धुतलात ना तुम्ही?"

"म्हणजे काय? आत्ताच धुतला."

"कुठला धुतलात?"

"कुठला म्हणजे? जेवणाचा," हे म्हणाले. "डाव्यानं नळ उघडतो मी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सिरिंज टेबलावर ठेवली, यांना दंडाला धरून सिंककडे नेलं आणि साबणाची अख्खी बाटली डाव्या हातावर उलटी केली. हे सवयीनं उजवा हात नळाखाली घालायचे, मी तो बाहेर काढून डावा घालायचे. "तो नाही! दुसरा!" तासभर डाव्या तळव्यावर संत्रं धरायचं, उजव्यानं सोलायचं, रस मनगटापर्यंत वाळू द्यायचा, आणि मग उजवा तेवढा स्वच्छ धुऊन यायचं! त्या कोरड्या हवेत डाव्या हातावर साखरेचा मुलामाच चढला होता. स्पिरिटनं जंतू मेले असतील बापडे, साखर होती तिथेच होती.

कोपरापर्यंत दोन्ही हात धुतले. कोरडे केले. मीच पंच झाले आणि म्हटलं, आता टोचा. शिट्टी.

नागपूर एकशे एक्केचाळीस. अमेरिका एकशे छत्तीस. पुणे एकशे एकोणपन्नास.

असा काही आरडाओरडा झाला की कपाटातली भांडी वाजली. यांनी शिट्टी फुंकली ती थांबवेनात, पलीकडच्या घरातलं कुत्रं सामील झालं. एकनाथराव मात्र तिन्ही आकडे पुन्हा पुन्हा बघत म्हणाले, "अजून थोडा फरक आहेच."

"तेवढा असतोच, काका," शंतनूराव म्हणाले. "दहा-पंधरा पॉइंटचं काही नाही. दोन मीटर कधीच सेम टु सेम येत नाहीत. दीडशेचा फरक आला की समजायचं..." आणि ते तिथेच थांबले.

"काय समजायचं?" मी विचारलं. "शंतनूराव, तुमच्या कारखान्यात आत जाताना काय करता हो तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. "हात धुतो. मग ग्लव्ह्ज. मग पांढरा सूट, टोपी, बूट. मग हवेचा झोत घेतो. धुळीचा कण चालत नाही."

"आणि घरी?"

"घरी... हात फिक्स केले मी," ते म्हणाले. "साखरेचा हात एका मीटरला, धुतलेला दुसऱ्याला. आई, मी व्हेरिएबल कमी नाही केला. मी त्याला पर्मनंट पोस्टिंग दिलं." आणि ते इतके हसायला लागले की खुर्चीत बसावं लागलं. हसता हसता म्हणाले, "आता सांगूनच टाकतो. ती संत्राबर्फी पण मीच खाल्ली."

"शंतनू!" उल्का किंचाळली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," हे म्हणाले. आठवडाभर तोंडात धरून ठेवलेलं वाक्य असावं तसं म्हणाले. उल्कानं यांच्या गळ्यात हात टाकला आणि 'सॉरी बाबा, सॉरी बाबा' करत राहिली. हे तिची पाठ थोपटताना फार खूश दिसत होते.

"सो आबा वॉज नॉट सिक?" अनिका म्हणाली. "ही वॉज जस्ट स्टिकी?"

सगळे पुन्हा फुटले. मीही हसत होते. हसता हसता माझी नजर टेबलाकडे गेली. तिथे ती सिरिंज होती, चौदाच्या रेघेपर्यंत भरलेली. एकशे एक्केचाळीसवर चौदा. वर म्हातारा माणूस, भाकरी-वांगं, आणि रात्रीची झोप. रस्त्यावर निवडुंगाशी बोलायला लागले तेव्हा मला कळलं तरी. झोपेत बोलले असते तर कुणाला कळलं असतं? आणि बोट टोचून पाहिलं असतं तरी साखरेच्या हातानं सांगितलं असतं, ठीक आहे, झोपा.

मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम यायला लागलं की माझं तोंड कसं दिसतं ते उल्कानं नंतर मला सांगितलंच. मी खुर्चीत बसले. मग उठले, सिरिंज फेकून दिली, नवी घेतली, दहा भरले. या वेळी सिरिंज दिव्याकडे एकदाच धरली. यांनी शर्ट वर केला आणि डोळे मिटले. आता सुई बघायचं धाडस संपलं होतं, तेवढ्यापुरतंच असणार ते.

जेवणं झाली. एकनाथरावांनी वांगी पुण्यासारखी नाहीत असं सांगून तीनदा घेतली. यांना अनिकानं आपल्या वाटीतून संत्र्याच्या दोन फोडी दिल्या, एकही धागा नसलेल्या, आणि मी त्या खाऊ दिल्या. इतके दिवस ज्याच्यापायी बोलणी खाल्ली, ते फळ यांच्या तोंडात त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

मग आम्ही दोघं शतपावलीला निघालो. कोपऱ्यावरचं निवडुंग हात वर करून उभंच होतं. हे जरा लाजून त्याच्याकडे न बघता पुढे गेले.

"अहो," मी म्हटलं, "हा हात आठ दिवस आधी धरला असता माझा, तर त्या बिचाऱ्याला बोलणी बसली नसती."

हे थोडं चालले. मागेपुढे कुणी नाही असं बघून घेतलं. मग हळूच विचारलं, "आता धरू?"

"कुठला धुतलाय?" मी विचारलं.

"दोन्ही," हे म्हणाले, आणि हात पुढे केला. डावा.